महालक्ष्म्यांच्या मागची भिंत

आईला तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर न्यायचं, एवढीच गोष्ट होती. त्यासाठी किती अर्ज लिहिले ते सांगत बसत नाही, कारण सांगायला लागले की माझा आवाज चढतो आणि आई आतून म्हणते, "काहून ओरडून राहिली गं?" राग माझ्या नाकावर असतो, हे शाळेतल्या सातवीच्या पोरींपासून वसाहतीच्या ऑफिसातल्या शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मी गणित शिकवते. उत्तर चुकलं की पायरी पायरी मागे जाऊन चूक कुठे झाली ते शोधायचं, असं पोरींना रोज सांगते. या गोष्टीतही मी तशी मागे गेले. चूक सापडली, आणि ती माझीच निघाली.

बाबा खमरियाला दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात होते. माझं सगळं लहानपण तिथल्या क्वार्टरमध्ये गेलं. दोन खोल्या, मागे आंगण, आंगणात सीताफळाचं झाड. बाबा रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा नर्मदेच्या काठाजवळ एक सरकारी वसाहत उभी राहत होती. निम्मी घरं घाटावरून उठवलेल्या लोकांसाठी, फुलवाल्या, नावाडी, चहाटपरीवाले, आणि निम्मी आमच्यासारख्यांना सोडत काढून. आमच्या चिठ्ठीत तळमजला निघाला. बाबा इतके खूश झाले की पेढे वाटले. "म्हातारपणी जिने नकोत बाप्पा," म्हणाले. त्यानंतर चार वर्षांनी ते गेले. भिंत त्यांना पाहावी लागली नाही, ते एक बरं झालं.

सुरुवातीला घर कोरडं होतं, खोटं काहून बोलू. मग घाटाचं काम निघालं. फरशा बसल्या, कठडे आले, खांबांवर पिवळे दिवे लागले, संध्याकाळच्या आरतीसाठी चौथरे बांधले, फोटो काढायला मोठ्या अक्षरांत शहराचं नाव उभं केलं. मलाही आवडलं. आई आणि मी संध्याकाळी तिथे जाऊन भाजलेलं कणीस खात बसायचो. फक्त आमच्या वसाहतीच्या मागून एक नाला नदीला जायचा. पावसाचं सगळं पाणी तो घेऊन जायचा. फिरायला रस्ता हवा म्हणून त्याच्यावर स्लॅब पडला आणि तोंडाशी एक पाइप बसला. त्या पाइपातून जेवढं जाईल तेवढं पाणी जातं, बाकीचं आमच्या इमारतींच्या पाठीशी दिवाळीपर्यंत बसून राहतं.

पहिल्या वर्षी बैठकीच्या मागच्या भिंतीवर वीतभर उंच एक काळसर रेघ आली. दुसऱ्या वर्षी ती कमरेपर्यंत चढली, तिसऱ्या वर्षी माझ्या डोक्याच्या वर. चुना फुगायचा, पोपडे पडायचे, पांढरा लोणा फुटायचा, आणि त्यावर काळी बुरशी. कपाटातल्या साड्यांना कुबट वास. मिठाला पाणी सुटायचं, पापड तळले तरी सादळायचे. ते सगळं चाललं असतं. पण आईची खाट त्याच भिंतीला लागून, कारण आतली खोली एवढीशी, तिच्यात कपाट आणि माझं टेबल टाकलं की पाय ठेवायला जागा नाही. आईच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी तोंडानं ओढायचा पंप दिला आणि सांगितलं, ओलीपासून दूर ठेवा.

दूर म्हणजे कुठे? तर वर. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक घर रिकामं होतं, कुलूप लागलेलं. नियम असा की तळमजल्याच्या घरात ओल असेल आणि घरात आजारी माणूस असेल, तर पाहणी करून वरचं रिकामं घर बदलून देता येतं. मी अर्ज केला. ऑफिसातून किल्ली मागून आणून आईला घर दाखवायलाही नेलं. ती कठड्याला धरून चढली. दोनदा थांबली, दोनदा मला म्हणाली, "तू पुढं हो, मी येऊन राहिली नं." वर गेल्यावर तिनं खिडकी उघडली आणि वारा एकदम तोंडावर आला. समोर घाट, पलीकडे नदी. आई कितीतरी वेळ नुसती श्वास घेत उभी होती. मग वळून म्हणाली, "महालक्ष्म्या इथं बसतील. तोंड पूर्वेला येते."

आमच्याकडे भाद्रपदात तीन दिवस महालक्ष्म्या बसतात. पहिल्या दिवशी आई मुखवटे घेऊन उंबरठ्याबाहेर उभी राहते आणि मी आतून विचारते, कोण आलं? ती म्हणते, महालक्ष्मी आली. मग त्यांना खोली खोली फिरवून घर दाखवायचं. स्वयंपाकघरात नेलं की मी विचारायचं, इथं काय आहे? आईनं सांगायचं, भरलेले डबे आहेत. कपाटापाशी, इथं काय आहे? वस्त्रं आहेत. डबा अर्धा असला तरी भरलेला. आणि एकदा त्या बसल्या की तीन दिवस घरात 'नाही' म्हणायचं नाही, 'संपलं' म्हणायचं नाही, रडगाणं गायचं नाही. तांदूळ संपले तर तांदूळ वाढले म्हणायचं. बाबा दवाखान्यातून नुकते घरी आले होते त्या वर्षीसुद्धा कोणी विचारलं तर आईचं उत्तर ठरलेलं, "मजेत आहोत."

त्या वर्षी ऑफिसातून निरोप आला की महालक्ष्म्या उठल्यावर बाराव्या दिवशी पाहणी होईल. आणि मी शाळेतल्या बायकांना पहिल्यांदाच हळदीकुंकवाला बोलावलं होतं. त्यांच्यातली एक, सिव्हिल लाइन्सला बंगल्यात राहणारी, स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाली होती की तुमच्या कॉलनीत फार वास येतो म्हणे. माझं डोकं फिरलं. मी त्याच दिवशी चुना आणला.

आई म्हणाली, "पाहणी होऊन जाऊ दे नं, मग रंगव."

मी म्हटलं, "आई, मागच्या वेळी चुना दिला तर नऊ दिवसांत भिंत परत काळी झाली होती. पाहणीला सोळा दिवस आहेत. तोवर दिसायची तशी दिसेल."

समोरच्या दारातली फुलवाली, जी आधी घाटावर झोपडीत राहायची, माझ्या हातातला ब्रश पाहून दारातच थांबली. "दीदी, पुताई मत करो. साहब को दिखाना है ना? हमने तो सर्वे वाले दिन झोपड़ी में झाड़ू भी नहीं मारी थी." मी हसले. मला वाटलं, हिला काय कळतं हिशेबातलं. खरवडून, घासून, तीन हात चुना दिला. वर आईचं ठेवणीतलं हिरवं लुगडं पडद्यासारखं लावलं, त्याच्यावर करंज्या-साटोऱ्यांचा फुलोरा टांगला. महालक्ष्म्या उभ्या राहिल्या आणि घर असं उजळून गेलं की मी स्वतःच दोन पावलं मागे होऊन पाहत राहिले. भिंतीला काही झालंय हे जन्मात कोणाला कळलं नसतं.

दुसरा दिवस जेवणाचा. सोळा भाज्या, पुरण, आंबील. अकराच्या सुमाराला मी पुरण वाटत होते आणि दारात हाक आली. चष्म्याला दोरी लावलेले, पन्नाशी उलटलेले एक गृहस्थ, हातात फाइल. त्यांनी बाहेर चपला काढल्या, महालक्ष्म्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, पाहणीला आलोय. आई रेशमी साडीत होती, तिनं त्यांना घर दाखवायला घेतलं. मी आतून ऐकत होते.

"माताजी, ये कमरा?"

"ही बैठक. इथं महालक्ष्मी बसल्या आहेत. सब अच्छा है."

"रसोई?"

"सब भरा हुआ है, भैया."

"अंदर वाला कमरा?"

"वहाँ भी सब है."

मी पुरणाच्या हातानं बाहेर आले. ते भिंतीपाशी उभे होते. लुगडं जरा बाजूला करून त्यांनी तळवा भिंतीवर टेकवला, पाहिला, रुमालाला पुसला. चुना ताजा होता, तळवा पांढरा झाला. मग त्यांनी सरळ विचारलं, घरात काही त्रास आहे का? आईनं मुखवट्यांकडे पाहिलं. मी आईकडे पाहिलं. तिची शिट्टी मला तिथपर्यंत ऐकू येत होती. ती म्हणाली, "कुछ नहीं भैया. माई की कृपा है."

"बहुत सुंदर रखा है घर," ते म्हणाले, आणि कागद पुढे केला. आईनं शिक्षिकेच्या आईला शोभेल अशी सावकाश, पूर्ण नावाची सही केली.

आता जे सांगते ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्यांनी घराची तारीफ केली तेव्हा मला आनंद झाला. खराखुरा आनंद, बंगलेवालीला उत्तर मिळाल्यासारखा. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. मनात होतं की ही नुसती वरवरची चक्कर आहे, खरी पाहणी बाराव्या दिवशी. तसं विचारलंही. ते चपला घालत म्हणाले, नाही मॅडम, हीच. पुढच्या आठवड्यात घाटावर मोठे पाहुणे येणार आहेत, आमची सगळी माणसं तिकडे लागतील, म्हणून इथलं आधी उरकून घेतोय. मी तेव्हा उंबरठ्याच्या बाहेर उभी होते. आईचा नियम घराच्या आतला. बाहेर मला तोंड उघडायला कसलीच आडकाठी नव्हती. साहेब, चार दिवसांपूर्वी मीच चुना दिलाय, नखानं खरवडून पाहा, एवढंच म्हणायचं होतं. पण ज्या घराला त्यांनी आत्ता सुंदर म्हटलं ते आतून सडलंय, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, "प्रसाद घेऊन जा." त्यांनी उभ्या उभ्या आदल्या दिवशीच्या नैवेद्यातला लाडू खाल्ला, हात धुतले आणि गेले.

चुना दिल्यापासून अकराव्या दिवशी भिंत काळी झाली. माझा हिशेब दोन दिवसांनीच चुकला होता.

महिन्याभरानं अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. मी तणतणत ऑफिसात गेले, टेबलावर हात आपटला, फाइल काढायला लावली. त्यात लिहिलं होतं, भिंती कोरड्या, घराची देखभाल उत्तम, रहिवाशांची तक्रार नाही. खाली आईची सही. तिथून घरी येईपर्यंत माझ्या अंगाची लाही लाही होत होती. दारातूनच सुरू झाले. एक शब्द बोलता आला नाही तुला? एक दिवस खरं सांगितलं असतं तर महालक्ष्म्या काय उठून चालल्या जाणार होत्या? आई खाटेवर पाय सोडून बसली होती. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "रंग तू दिला होता."

मी आत जाऊन वह्या तपासायला बसले आणि एकाही वहीतलं काही दिसेना.

त्या हिवाळ्यात वरचं घर कुलपातच होतं. मी येता-जाता मान वर करून ती बंद खिडकी पाहायची. खाली आईला एका दमात वाक्य पुरं करता येईना. आधी आरतीला जाणं सुटलं, मग समोरच्या दारापर्यंत जाणं सुटलं. पौषात एका सकाळी तिचे ओठ निळसर दिसले आणि मी आणि फुलवालीनं मिळून तिला रिक्षात घातलं. दवाखान्यात नऊ दिवस काढले. तिथल्या डॉक्टरीणबाई मऊ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी ओलीबद्दल आईलाच विचारलं, "माताजी, घर में सीलन है क्या?"

आईनं नाकावरची नळी सरकवली. "नहीं नहीं. घर अच्छा है. बेटी हर साल पुताई करती है."

हे ती मला वाचवायला बोलली, की सवयीनं, की खरंच तिला तसं वाटत होतं, मला आजही कळत नाही. वॉर्डात आजूबाजूला माणसं होती, नर्स होती, पलीकडच्या खाटेपाशी एक अख्खं कुटुंब डबा खात होतं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आहे. भिंत माझ्या डोक्याच्या वरपर्यंत काळी आहे. खाट त्या भिंतीलाच लागून आहे. पाहणीच्या आधी मी ती रंगवली होती." माझा आवाज इतका चढला होता की डबा खाणारे थांबले. आईनं डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंनी सगळं कागदावर लिहून दिलं आणि शिक्का मारला.

तो कागद लावून मी नव्यानं अर्ज केला. यावेळी आषाढात पाहणी झाली. भिंतीला मी बोट लावलं नव्हतं, झाडूसुद्धा टेकवला नव्हता, पोपडे जिथं पडले तिथंच होते. तेच गृहस्थ आले. त्यांनी भिंत पाहिली, आईला पाहिलं, खाटेशेजारचं ऑक्सिजनचं यंत्र पाहिलं. मागच्या वेळचं त्यांना आठवलं असणार, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहायला लागले. आईला काही विचारलं नाही. जाताना म्हणाले, "पिछली बार ही बता देतीं, मॅडम."

श्रावणात पत्र आलं. घर मंजूर. मी किल्ली घेऊन आले तेव्हा आईनं चांगली साडी काढून ठेवली होती. डॉक्टरांनी यंत्राशिवाय थोडा वेळ चालेल म्हटलं होतं. दुपारी आम्ही निघालो. पहिली पायरी, दुसरी. प्रत्येक पायरीवर ती दोन्ही पाय एकत्र आणायची आणि थांबायची. सातव्या पायरीवर तिनं माझा हात सोडला आणि तिथंच बसली. घामानं केस कपाळाला चिकटले होते. बोलता येईना म्हणून हातानं खूण केली, तू जा. मग जरा वेळानं म्हणाली, "पाहून ये. खिडकी उघडते का ते."

मी वर गेले. कुलूप गंजलं होतं, उघडायला वेळ लागला. आत धूळ, कोपऱ्यात कबुतराची पिसं. महालक्ष्म्या जिथं बसल्या असत्या त्या भिंतीवर मी तळवा टेकवला, त्या गृहस्थांनी टेकवला होता तसा. कोरडी, खणखणीत कोरडी. मला इतका राग आला की मी त्या भिंतीवर बुक्की मारली. मग रडले. खिडकी उघडली. वारा आला.

खाली आले तर आई त्याच पायरीवर, आणि तिच्याजवळ फुलवाली. ती म्हणत होती, तिची दोन मुलं आहेत, शेजारचे दोघं आहेत, खुर्चीत बसवून उचलून नेऊ, त्यात काय. मीही म्हटलं, हो, आत्ताच नेऊ. आई हसली. तिचं हसणं म्हणजे आता खोकलाच.

"वर न्याल खुर्चीतून," ती म्हणाली. "मग मला खाली एकदाच आणाल."

तिला रोज सकाळी दारात खुर्ची टाकून बसायचं असतं, भाजीवालीशी भांडायचं असतं, फुलवालीच्या टोपलीत हात घालून झेंडू निवडायचा असतो. एवढंच तिचं बाहेरचं जग उरलं होतं आणि ते तळमजल्यावर होतं. आम्ही तिला त्या सात पायऱ्या उतरवून घरात आणलं. चढण्यापेक्षा उतरायला जास्त वेळ लागला.

मी पुष्कळ समजावलं. रागावले, विनवलं, दोन दिवस अबोला धरला. खाट आतल्या खोलीत हलवली, माझं टेबल बाहेर काढलं, पण ओल त्या खोलीतही उतरून राहिलीय, ती थांबायची नाही. आई ऐकेना. शेवटी किल्ली परत करायला ऑफिसात गेले. घर नको असल्याचं कारण लिहून द्यायचं होतं. मी लिहिलं, आईला जिना चढता येत नाही. टेबलामागच्या बाईंनी वाचलं आणि माझ्याकडे पाहून सहज विचारलं, "तो जब चढ़ पाती थीं, तब क्यों नहीं लिया?"

सगळ्या जगाला उलट उत्तर देणारी मी किल्ली टेबलावर ठेवून बाहेर आले.

घरी आले तेव्हा आई आतल्या खोलीत उशांना टेकून बसली होती. यंत्राचा घूं घूं आवाज चालला होता. मांडीवर तिनं महालक्ष्म्यांचे मुखवटे घेतले होते आणि मऊ फडक्यानं पुसत होती. म्हणाली, "आठवड्यावर आल्या बाप्पा. भिंतीला चुना दे."

"नाही देणार," मी म्हटलं.

"दे गं," आई म्हणाली. तिनं मुखवटा उजेडाकडे धरून पाहिला, नाकापाशी राहिलेला डाग पुसला. "आता कोण पाहायला येऊन राहिलं?"

मी बादली घेतली आणि चुना भिजत घातला.